कोल्हापुरात हरवलेलं डोकं

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की जळगावात प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो. अंबाबाईचं दर्शन झालं का, आणि चपला आणल्या का. रांग बघून कळसाला हात जोडले, आणि चपला आणल्या नाहीत. मी तिथे बाहुल्यांच्या संमेलनाला गेले होते. हे ऐकल्यावर समोरच्याच्या तोंडावर जे उमटतं ते माझ्या तोंडावर गेली दहा वर्षं आहे, त्यामुळे मी कुणालाच दोष देत नाही.

बाहुल्या माझ्या नाहीत. माझं औषधांचं दुकान आहे आणि मला कामं आहेत. बाहुल्या माझ्या धाकट्या भावाच्या, भूषणच्या. वय बेचाळीस. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे पेशंटच्या जबड्याची मापं पाठवतात, आणि हा आपल्या खोलीत बसून कवळ्या आणि टोप्या घडवतो. त्यातून वेळ उरला की बाहुल्या. त्याही पोरीबाळींच्या खेळायच्या नव्हेत. दीड फूट उंचीच्या, भरल्या अंगाच्या, फॅशनच्या बाहुल्या. त्यांचं डोकं निघतं, पंजे मनगटातून निघतात, पाय घोट्यातून निघतात, डोळे काढून दुसऱ्या रंगाचे बसवता येतात, केसांचे टोप वेगळे मिळतात. एकीचं डोकं दुसरीच्या धडावर चपखल बसतं. शहाणीसुरती माणसं हे सुटे भाग परदेशातून मागवतात, तासतात, रंगवतात, जोडतात आणि नवी बाई उभी करतात. मग तिला कपडे शिवून तिचे फोटो एकमेकांना पाठवतात.

भूषणच्या कपाटात अशा चाळीसेक बायका आहेत. त्या कपाटापायी त्याची दोन स्थळं मोडली. दुसऱ्या खेपेला मुलीचे वडील हात धुवायला म्हणून उठले आणि चुकून कपाट उघडून बसले. वरच्या फळीवर नुसती डोकी होती. त्यांनी चहासुद्धा पुरा केला नाही.

तर कोल्हापुरात अशा लोकांचं संमेलन भरणार होतं, आणि रविवारी स्पर्धा. भूषणनं आजवर आपली एकही बाहुली घराबाहेर काढली नव्हती. या खेपेला नाव दिलं आणि आठच दिवसांत स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडून घेतलं. प्लॅस्टर घातलेल्या हातानं खोकी कोण उचलणार, कपडे कोण घालणार? आईनं माझ्याकडे बघितलं. मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि निघाले. रात्रभराच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझ्या मांडीवर एक खोकं होतं, त्यात एक बिनडोक्याची बाई होती आणि डोकं भूषणच्या कोटाच्या खिशात मऊ फडक्यात होतं.

पेठ वडगाव

लॉजवर उतरायचं नाही असं शालनताईंनी फोनवरच बजावलं होतं. त्या भूषणच्या फोनवरच्या बाहुलीमंडळातल्या. प्रत्यक्षात दोघांची भेट कधी झालेली नव्हती. कोल्हापूर स्टँडवर त्यांचे यजमान, अण्णा, जीप घेऊन आले होते. धिप्पाड माणूस, कपाळाला अष्टगंध. त्यांनी माझ्या हातातलं खोकं घेतलं, वजन बघितलं आणि विचारलं, ‘हिच्यात बी बाईच हाय न्हवं?’ मी हो म्हटल्यावर खोकं अगदी जपून मागच्या सीटवर ठेवलं. पुढे रस्त्यावर उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून चालला होता. त्याच्यामागे आम्ही इतका वेळ रखडलो की वडगाव येईपर्यंत मला ऊस या पिकाविषयीच मनात अढी बसली. साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकातून दुपारपर्यंत गेला नाही. आमच्याकडे केळी पिकतात. त्यांना निदान वास नसतो.

शालनताई पन्नाशीच्या. दाराशी आल्या त्या थेट म्हशीचं दूध काढून, पदर खोचलेला. ‘या की, बसा. मी आलोच हात धुऊन,’ म्हणाल्या. इथल्या बायका स्वतःबद्दल ‘आलो, गेलो’ म्हणतात हे ठाऊक होतं, पण कानांनी ऐकल्यावर क्षणभर मागे वळून बघावंसं वाटतंच. गोठ्यावरच्या माडीत त्यांच्या बाहुल्या. लेक पुण्याला नोकरीला गेली, तिची खोली रिकामी झाली, आणि तिच्या एका जुन्या बाहुलीपासून हे खूळ सुरू झालं असं त्यांनी सांगितलं. खिडकीतून खालून शेणाचा वास, आणि आत काचेमागे मखमली झगे घातलेल्या गोऱ्यापान मडमा. त्यांतल्या एकीला ताईंनी नऊवारी नेसवून डोक्यावर पितळी घागर दिली होती. डोळे निळेच. मला हसू आवरेना. शालनताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, ‘हसा की. आमचं अण्णा रोज हसत्यात.’

जेवणाला तांबडा-पांढरा होता. कोल्हापूरच्या तिखटाचा केवढा तो गाजावाजा. खानदेशातल्या माणसाला त्याचं काय? आमची शेवभाजी यांनी एकदा खाऊन बघावी. तांबडा रस्सा दिसायला भयंकर, पण मी डोळ्यांतून पाणीही न काढता वाटी संपवली. पांढऱ्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. तो मी तीनदा घेतला.

जेवणानंतर भूषणनं खिशातून फडकं काढलं आणि डोकं शालनताईंच्या तळहातावर ठेवलं. लिंबापेक्षा जरा मोठं. फॅशनची बाहुली, आणि तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या, कपाळाजवळ रंगवलेले पांढरे केस, डोळ्यांखाली थकलेली वर्तुळं. पन्नाशीकडे झुकलेली बाई. हसताना तोंड किंचित उघडं, आणि आत राजगिऱ्याएवढे दात एकेक करून बसवलेले. असल्या बाहुल्यांना दात नसतात, ओठ मिटलेले असतात, असं शालनताईंनी मला समजावलं. त्या बराच वेळ डोकं उजेडाकडे फिरवत राहिल्या. मग एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोकं परत दिलं. मी ते घरी कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाहुलीच्या तोंडात काय बघायचं? भूषणला एवढंच विचारलं होतं की पैसे टाकून म्हातारी कशाला केलीस. तो म्हणाला होता, सगळ्या विशीतल्याच का असाव्यात.

मंगल कार्यालय

संध्याकाळी टेबल मांडायला आम्ही कोल्हापुरात आलो. एरवी जिथे लग्नं लागतात त्या हॉलमध्ये संमेलन होतं. स्टेजवर मागच्या लग्नाची फुलं तशीच सुकत होती. आत शिरल्यावर मला खाटकाच्या दुकानाची आठवण झाली. एका डब्यात नुसते पंजे, दुसऱ्यात पाय, अदलाबदलीसाठी ठेवलेल्या एका टोपलीत पंचवीस-तीस डोकी छताकडे बघत पडलेली. आणि त्याभोवती उभे राहून शिकलेली माणसं अगदी गंभीरपणे बोलत होती. एक बाई दुसरीला सांगत होत्या की त्यांच्याकडे एक उजवा हात जास्तीचा आहे, डावा कुणाकडे असेल तर सांगा. पुण्याहून आलेला एक दाढीवाला गृहस्थ पांढरे हातमोजे घालून बाहुलीच्या पापण्या विंचरत होता. दुसऱ्या एकाने दहा वर्षांत एकही खोकं उघडलेलं नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. खोकं न उघडता आत बाहुली आहे की वीट आहे हे माणूस कसं सांगतो, हे मी त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं.

संयोजक पाटोळे नावाचे होते. गोड बोलायचे, आणि कुठल्याही प्रश्नाला ‘बघू की’ म्हणायचे. रात्री सामान कार्यालयाच्या आतल्या खोलीत ठेवायचं आणि खोलीला कुलूप, असा त्यांचा नियम.

आमच्या शेजारचं टेबल मुंबईच्या नीलिमामॅडमचं. साठीच्या आसपास, केस आखूड कापलेले, खादीचा उंची कुडता, आणि आवाज असा की हॉलमधल्या निम्म्या बायका त्यांनी काही म्हणायच्या आधीच माना हलवायच्या. या मंडळात त्यांचं नाव मोठं आहे. त्यांच्या बाहुल्यांचे कपडे मी जवळून पाहिले. बोटभर ब्लाउजला आत अस्तर, टाका शोधून सापडेना. शिवणकाम उत्तम, हे मला कबूल करावं लागलं. चेहरे मात्र सगळे सारखे. दहा बाहुल्या म्हणजे एकच बाई दहा वेळा रुसलेली.

त्यांनी भूषणला विचारलं, काय आणलंय. हा भोळा. फडकं सोडून डोकं त्यांच्या हातात दिलं. त्या चष्मा वर सारून बाहुलीच्या तोंडात बघत राहिल्या. मग विचारलं, दात कसे बसवले, साचा कुठून आणला, पुन्हा करता येतील का. भूषणनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला आपल्या कामाविषयी इतकं सांगितलं असेल. कान लाल झाले होते त्याचे. डोकं फडक्यात गुंडाळून त्यानं खोक्यातच ठेवलं, खोकं आतल्या खोलीत दिलं, आणि परतताना गंगावेशीत दूध पिऊ या म्हणाला. तिथे गवळी रस्त्यातच म्हशी उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर थेट ग्लासात धार काढून देतात. फेसाळ, कोमट, न तापवलेलं. औषधाचं दुकान चालवणारी बाई ते पिईल हे शक्यच नव्हतं. भूषण दोन ग्लास प्यायला. म्हशीनं शेपटी माझ्या साडीवर मारली आणि त्याला ते फार विनोदी वाटलं. त्याला इतकं खुशीत मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून साडीबद्दल बोलले नाही.

सकाळी आतल्या खोलीतून खोकं आणून उघडलं तर धड होतं, साडी होती, टोप होता. फडकं होतं. डोकं नव्हतं.

शोधायचं तेवढं शोधलं. शालनताई गुडघ्यांवर बसून टेबलांखालून फिरल्या. पाटोळे म्हणाले, कुठंतरी घरंगळलं असेल, बघू की. मी म्हटलं, कुलपाच्या आत, खोक्याच्या आत, फडक्यातून घरंगळलं? ते म्हणाले, इथं सगळं सुटंच आहे ना ताई, कुणाचं कुणाकडे जातं. नीलिमामॅडमनी ‘अरेरे’ म्हटलं आणि भूषणला आपल्याकडचं एखादं डोकं हवं असेल तर घ्या म्हणाल्या. इथे डोकं हरवलेल्या माणसाचं सांत्वन असं करतात.

मला वाटलं भूषण म्हणेल, चल घरी. तसं झालं नाही. त्यानं मला धडाला साडी नेसवायला सांगितली. निऱ्या काढायला मला अर्धा तास लागला. मग त्यानं बिनडोक्याची बाई तशीच टेबलावर उभी केली, आणि शेजारी नावाची पाटी. दिवसभर लोक थांबून बघत होते. पापण्या विंचरणारा गृहस्थ म्हणाला, फार आधुनिक कल्पना आहे, बाईच्या अस्तित्वावरचं भाष्य. मी त्याला म्हटलं, भाष्य नाही, चोरी आहे. भूषण खुर्चीवर प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बसून होता. संध्याकाळी जीपमध्ये तो म्हणाला की हात बरा झाला तरी तसं दुसरं होणार नाही. का, हे मी विचारलं नाही. मला त्याचा रागच आला होता, एका लिंबाएवढ्या रबरासाठी तोंड पाडून बसल्याचा. आणि ज्यानं ते उचललं त्याचा जास्त.

स्पर्धा

रविवारी स्टेजवर लांब टेबल लावून स्पर्धेच्या बाहुल्या ओळीनं उभ्या केल्या होत्या. सगळ्यांत जास्त गर्दी होती ती नीलिमामॅडमच्या बाहुलीपुढे. काळी पैठणी, मोराचा पदर, खरोखरच बघत राहावं असं काम. चेहरा तरुण, गुलाबी, डोळे हिरवे, केस तांबूस लाटांचे. आणि ती हसत होती. दात दाखवून.

मी भूषणकडे बघितलं. तो इतर सगळ्यांच्या मागे उभा होता. विचारलं, काय झालं. तो म्हणाला काही नाही. मी दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं. तेव्हा म्हणाला, ‘ते तोंड माझं आहे.’

‘तुझं म्हणजे?’

‘म्हणजे तुझं.’

मला काही कळेना. तेव्हा त्यानं सांगितलं. काही वर्षांपूर्वी माझ्या दाढेवर टोपी बसवायची होती, त्या वेळी त्यानंच माझ्या जबड्याचं माप घेतलं होतं. तो प्लॅस्टरचा साचा त्याच्याकडे राहिला. त्यावरून त्यानं ते राजगिऱ्याएवढे दात घडवले, एकेक. माझा वरचा एक सुळा शेजारच्या दातावर चढलेला आहे. शाळेतल्या फोटोपासून आजपर्यंत मी प्रत्येक फोटोत तोंड मिटून आहे. तो सुळाही त्यानं सोडला नव्हता. मी पुढे जाऊन चष्मा लावून पाहिलं. चढलेला सुळा त्या गुलाबी छोकरीच्या तोंडात स्पष्ट दिसत होता. सुरकुत्या रंगाखाली गेल्या होत्या, पांढरे केस गेले होते, माझे डोळे गेले होते. दात तेवढे ठेवले होते, कारण चोरायचे तेच होते.

मग मी बोलले. हळू बोलणं मला जमत नाही. पाटोळे धावत आले. नीलिमामॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या की डोकं त्यांना अदलाबदलीच्या टोपलीत मिळालं, कोणीतरी टाकलं असेल, आणि या छंदात प्रत्येक गोष्ट प्रत्येकाची असते. निम्म्या माना हलल्या. एका परीक्षकानं सांगितलं की चेहरा ज्यानं शेवटी रंगवला त्याचा मानतात, तशी रीतच आहे. पाटोळे म्हणाले, दोघांचं नाव लावू की. भूषण माझी बाही ओढत होता, राहू दे ताई, राहू दे.

शालनताई स्टेजवर चढल्या, मॅडमच्या बाहुलीजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘ह्ये डोकं परवा दुपारी माझ्या हातात हुतं. तवाच मला दिसलं, पण म्या बोललो न्हाय. ताई, हिकडं या. आणि हसा बगू.’

मी नाही म्हणाले.

‘हसा की वो. भावासाठी हसा.’

त्या हॉलमध्ये शंभरेक माणसं असतील. मी स्टेजवर गेले, त्या बाहुलीच्या शेजारी तोंड नेलं आणि हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे ते कसं दिसलं असेल देव जाणे. पण दात दिसले. लोक पुढे आले, बाहुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बाहुलीकडे बघितलं. हातमोजेवाला गृहस्थ खिशातून भिंग काढून माझ्या तोंडाजवळ आला. त्याला मी हातानं दूर केलं. मागच्या बाजूला बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘व्हय की, त्योच सुळा.’ आणि तिथेच निकाल लागला.

पाटोळ्यांना अजूनही ‘बघू की’ म्हणायचं होतं. शालनताईंनी त्यांची वाट पाहिली नाही. एका हातानं पैठणी सावरली, दुसऱ्यानं डोकं पिळून काढलं आणि भूषणच्या हातावर ठेवलं. काढायला इतकं सोपं असतं ते. नीलिमामॅडमनी आपली बिनडोक्याची बाहुली उचलली, नीट पेटीत आडवी ठेवली आणि हॉलबाहेर गेल्या. बक्षीस घागरवाल्या नऊवारीला मिळालं, निळ्या डोळ्यांसकट. शालनताई खूश. परीक्षकांनी ‘मातीशी नातं’ वगैरे बोलून घेतलं. मला वाटतं त्यांना त्या घटकेला शालनताईंची भीती वाटत होती.

निघायच्या दिवशी

सकाळी अण्णांनी आम्हाला शेजारच्या गुऱ्हाळावर नेलं. कढईतली काकवी त्यांनी गरम भाकरीवर घालून दिली. ती चांगली होती. इतकी चांगली की मला थोडा वेळ कुणाला नावं ठेवावीशी वाटली नाहीत. घरी परतलो तर गोठ्यासमोर भाड्याची गाडी उभी होती आणि पडवीत नीलिमामॅडम बसल्या होत्या. शालनताईंनी त्यांना पाणी दिलं होतं, चहा दिला नव्हता. इथे चहा न देणं म्हणजे काय ते मला चार दिवसांत कळलं होतं.

त्या भूषणशी बोलल्या, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, कुलूप लागायच्या आधी डोकं मीच नेलं. रात्रीपुरतं नेऊन नीट बघून परत ठेवणार होते. मग त्याच्या तोंडाकडे बघत बसले आणि सकाळ झाली. माफी मागितली असं म्हणता येणार नाही, पण माफीच्या आसपास फिरत होत्या. आणि मग मुद्द्यावर आल्या. त्यांच्या बाहुलीसाठी भूषण तसेच दात करून देईल का?

काल-परवा चोरलेली वस्तू आज ऑर्डर करायला आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. भूषण म्हणाला, ते ताईला विचारा, दात तिचे आहेत. तेव्हा त्यांना माझ्याकडे बघावंच लागलं.

मी सांगितलं की माझे दात एकदा विचारल्याशिवाय गेले ते पुरे झालं. हौस असेल तर स्वतःच्या तोंडाचं माप द्या. चांगले पांढरेशुभ्र, ओळीनं दात आहेत की तुमचे.

त्या उठल्या. पर्स खांद्याला लावली. मग म्हणाल्या, ‘हे माझे नाहीत. सगळे काढलेत. कवळी आहे.’

गोठ्यात म्हैस खुंट्याला अंग घासत होती. तरी माझे दात देते असं मी म्हणाले नाही. शालनताई आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

भूषणनं विचारलं, ‘जुना फोटो असेल ना? हसतानाचा?’

‘लग्नातला असेल,’ त्या म्हणाल्या. ‘शोधावा लागेल.’

‘मग तो पाठवा. हात सुटल्यावर बघतो.’

परतीच्या गाडीत मी त्याला बरंच ऐकवलं. अशा बाईला दात करून देणारा माणूस बाहुलीपेक्षा बावळट असतो, हेही सांगितलं. तो म्हणाला, तिच्यासारखी पैठणी कुणाला शिवता येत नाही. मग त्यानं फडक्यातून डोकं काढलं. रंग खरवडून काढायचा होता, ते मलाच करावं लागणार होतं. नखपॉलिश काढायचं औषध आणि कापूस घेऊन मी दुकानात दोन-तीन दुपारी तेच केलं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर डोकं गल्ल्याखाली ठेवायची. गुलाबी गेलं तसं खालून माझं तोंड परत आलं, जागोजागी पुसट. मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारं होतं. भूषणला तसं सांगितलं तर म्हणाला, काळजी करू नकोस, दुरुस्त करताना आणखी दोन सुरकुत्या घालतो.

प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात फोटो आला. भूषणनं फोन माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांनी मोठा करून दाखवला. मुंडावळ्या बांधलेली, विशी-बाविशीची नीलिमा. बाजूला कुणीतरी काही बोललं असावं, कारण ती फोटोवाल्याकडे न बघता तिकडे बघून तोंडभर हसत होती. पुढच्या दोन दातांत करंगळी जाईल एवढी फट, खालची ओळ वाकडी, एक दात तर चक्क आडवा. आणि लाज नावाची गोष्ट त्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती.

हे असले दात एके काळी स्वतःच्या तोंडात असलेली बाई माझे चोरायला निघाली होती. साऱ्या प्रवासात मला राग पुष्कळदा आला, पण एवढा नाही.